दीड ते तीन वर्षांच्या मुलासोबत नाताळ: काय करावे, कुठे जावे

लहान मुलाला नाताळ दाखवायचा असेल, तर सर्वांत आधी वेळेचा विचार करावा लागतो. मोठ्यांचा नाताळ २४ डिसेंबरच्या रात्री भरात येतो. मध्यरात्रीची मिस्सा म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासना, तिच्यानंतरच्या गळाभेटी, उशिरापर्यंत चालणारी जेवणे ही सगळी त्या रात्रीची शोभा आहे. परंतु दीड-दोन वर्षांचे मूल त्या वेळी एक तर गाढ झोपलेले असते किंवा झोप मोडल्यामुळे रडवेले झालेले असते. सुदैवाने हा सण एका रात्रीत संपत नाही. आधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ असतो आणि गोठे (येशूजन्माचे देखावे), तारे व रोषणाई बहुतेक ठिकाणी ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत टिकून असतात. म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून ६ जानेवारीपर्यंत थोडे थोडे करावे, एका दिवसासाठी एकच गोष्ट ठरवावी आणि २४ तारखेच्या रात्री मुलाला नेहमीच्या वेळी निजू द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात पेरणीपासून करावी. नाताळच्या गोठ्यात हिरवे शेत दिसावे म्हणून नाचणी किंवा गहू उगवून घेण्याची रीत गोव्यात जुनी आहे, आणि ज्या घरांत नवरात्रात घट बसतात त्यांना ही कृती वेगळी शिकवावी लागत नाही. साधारण १४ डिसेंबरला मूठभर गहू रात्रभर भिजत घालावेत. सकाळी पसरट परळात किंवा जुन्या थाळीत तीन बोटे माती भरावी, मुलाला गहू पसरू द्यावेत आणि वरून मातीचा पातळ थर द्यावा. तीन-चार दिवसांत कोंब दिसू लागतात आणि २४ तारखेपर्यंत वीतभर नाही तरी चार-पाच बोटे उंच गवत तयार होते. नाचणी पेरल्यास ते अधिक बारीक आणि नाजूक येते. छोट्या गोठ्याला तेच जास्त शोभते, मात्र त्याला दोन दिवस जास्त द्यावेत. रोज पाणी घालण्याचे काम मुलाकडे सोपवावे, पण त्याच्या हातात औषधाच्या मापाएवढीच छोटी वाटी द्यावी. तांब्या दिला तर तो पूर्ण रिकामा होतो आणि दाणे कुजतात. या वयाच्या मुलाला ‘अजून दहा दिवस आहेत’ याचा अर्थ कळत नाही. कालच्यापेक्षा आज उंच झालेले गवत मात्र त्याला दिसते आणि सण जवळ येत असल्याची खूण तेच गवत देते.

त्यानंतर गोठा. बाळ येशूच्या जन्माचा देखावा जिवंत बैल आणि गाढव यांच्यासह उभा करण्याची कल्पना संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो या गावी प्रत्यक्षात आणली, आणि लहान मुलांच्या दृष्टीने पाहिले तर आजही त्या देखाव्याचा जीव जनावरांतच आहे. घरात दोन गोठे करावेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. मातीच्या किंवा प्लास्टरच्या मूर्तींचा गोठा उंचावर, मुलाला दिसेल पण हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा. दुसरा गोठा पूर्णपणे मुलाचा असावा. बुटांचा खोका आडवा करून त्यात भाताचा पेंढा घालावा आणि मारिया, योसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव व दोन-तीन मेंढ्या जुन्या मोज्यांत कापूस भरून किंवा कापडाच्या गुंडाळ्या करून तयार कराव्यात. डोळ्यांसाठी मणी किंवा बटणे शिवू नयेत. रंगीत दोऱ्याचे टाके घालावेत. प्रत्येक मूर्ती मुलाच्या मुठीपेक्षा मोठी असावी, म्हणजे ती पूर्ण तोंडात जाण्याची भीती राहत नाही. हा गोठा दिवसातून दहा वेळा मोडेल आणि मेंढी स्वयंपाकघरात सापडेल, पण तो त्यासाठीच केलेला आहे.

२४ तारखेपर्यंत गव्हाण रिकामी ठेवण्याची प्रथा अनेक घरांत पाळली जाते आणि लहान मुलांसाठी ती फारच उपयोगी आहे. ‘बाळ कुठे आहे?’ असे रोज विचारावे, ‘अजून यायचे आहे’ असे सांगावे, आणि मूल झोपल्यावर बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवावी. २५ तारखेच्या सकाळी ती शोधून काढण्याचा मान मुलाचा. गोष्ट सांगताना पाच वाक्यांपेक्षा अधिक लांबण लावू नये: मारिया आणि योसेफ दमले होते, राहायला घर मिळेना, गोठ्यात जागा मिळाली, तिथे बाळ जन्मले, आकाशात तारा चमकला. मधे गाय हंबरते, मेंढी बें बें करते. रोज तेच शब्द वापरावेत, कारण मुलाला पुढचे वाक्य आधीच माहीत असण्यात मोठा आनंद असतो.

घरी तारा करायचा असेल तर सांगाडा मोठ्यांनी आदल्या दिवशी बांधून ठेवावा. सारख्या लांबीच्या, साधारण हातभर, दहा कामट्या घ्याव्यात. पाच कामट्यांची एक चांदणी याप्रमाणे दोन चांदण्या बांधाव्यात, त्यांची पाचही टोके एकमेकींना घट्ट बांधावीत आणि मधल्या पाच जोडांवर बोटभर लांबीच्या काड्या आडव्या बसवून ताऱ्याला पोट द्यावे. कामट्यांच्या कडा काचकागदाने घासून घ्याव्यात, कारण त्यांचा कूस बोटात सहज शिरतो. पतंगाच्या कागदाचे तुकडे आणि मैद्याची गार केलेली खळ मुलासमोर ठेवावी. खळ तोंडात गेली तरी अपाय होत नाही, हा तिचा बाजारच्या डिंकापेक्षा मोठा गुण आहे. मुलाने चिकटवलेले तुकडे वाकडे बसतील, एकावर एक चढतील. ते सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण आतून दिवा लागला की तेच थर वेगवेगळ्या छटांनी उजळतात. आत न तापणारा एलईडी दिवाच लावावा आणि वायर मुलाच्या हाताबाहेर राहील असे पाहावे.

स्वयंपाकघरात मुलाला सामावून घेण्यासाठी कलकलांसारखा, म्हणजे नाताळच्या फराळातील गोड तळणासारखा, दुसरा पदार्थ नाही. दोन वाट्या मैद्यात दोन चमचे पातळ तूप, चार चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालून, लागेल तसे नारळाचे दूध घेत पीठ घट्टसर मळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेल्या स्वच्छ कंगव्यावर दाबून पसरायची आणि गुंडाळायची, की शिंपल्यासारखा रेघांचा कलकल तयार होतो. दाबण्याचे काम दोन वर्षांचे मूल उत्तम करते, गुंडाळण्याचे मोठ्यांनी करावे. तळण मात्र मूल झोपल्यावर किंवा दुसऱ्या खोलीत कोणी सांभाळत असतानाच काढावे. तळलेले कलकल कडक असतात, त्यामुळे लहानग्याला ते कोमट दुधात भिजवून, मऊ करून द्यावेत.

खाण्याच्या बाबतीत आणखी काही गोष्टी कटाक्षाने सांभाळाव्या लागतात. पारंपरिक प्लम केकमधील सुकामेवा रममध्ये मुरवलेला असतो आणि भाजल्यानंतरही त्यातील मद्य पूर्ण उडून जात नाही. मुलासाठी तोच मेवा संत्र्याच्या रसात भिजवून वेगळा लहान केक करावा. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे काजू, बदाम, शेंगदाणे देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांची पूड करून घालावी, खजूर आणि बेदाणे बारीक चिरावेत. ज्या घरी फराळाला जायचे तिथेही हे आधीच नम्रपणे सांगावे, कारण प्रेमाने मुलाच्या हातावर ठेवलेला पदार्थ परत काढून घेणे सगळ्यांनाच जड जाते.

सजावटीतील सर्वांत मोठा धोका काचेच्या गोळ्यांचा नसून चमकणाऱ्या खेळण्यांतील आणि छोट्या दिव्यांतील बटणसेलचा, म्हणजे बटणाएवढ्या चपट्या सेलचा असतो. तो गिळला गेल्यास अन्ननलिका आतून भाजू लागते आणि गंभीर इजा व्हायला दोन तासही पुरतात. म्हणून स्क्रूने बंद होणारे झाकण नसलेली अशी वस्तू घरात आणूच नये आणि शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठावे. झाडाच्या खालच्या फांद्यांवर फक्त कापडी आणि लाकडी वस्तू टांगाव्यात.

आता बाहेर पडण्याविषयी. डिसेंबरअखेरीस मुंबई, पुणे आणि गोव्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, आणि छोट्यांच्या पालकांसाठी ही मोठी सोय आहे. सव्वासहाला निघावे, रोषणाई पाहावी आणि साडेसातच्या आत जेवायला घरी यावे. रोषणाई मध्यरात्री दिसते तितकीच सुंदर सव्वासहालाही दिसते आणि गर्दी तेव्हा बरीच कमी असते.

मराठी घरातल्या मुलाला एकाच ठिकाणी न्यायचे असेल तर मी वसईचे नाव घेईन. निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, सांडोर, नंदाखाल या गावांच्या परिसरात नाताळात घरांवर तारे लागतात, चर्चच्या आवारात आणि कित्येक ठिकाणी वाटेच्या कडेलाही तरुण मंडळी मेहनतीने गोठे उभारतात, आणि इथली मिस्सा व नाताळगीते मराठीत असल्यामुळे मुलाच्या कानावर पडणारा शब्द त्याच्या ओळखीचा असतो. २६ ते ३० डिसेंबरमधला सुटी नसलेला दिवस निवडावा. दुपारची झोप झाल्यावर वसई रोड स्थानकातून रिक्षाने एखादे गाव गाठावे आणि दोनच गोठे निवांत पाहावेत. दहा गोठे पाहण्याचा बेत केला तर तिसऱ्यानंतर मूल काहीच पाहत नाही. गावातले रस्ते अरुंद आहेत आणि पदपथ बहुधा नसतो, त्यामुळे बाबागाडीपेक्षा मुलाला अंगाशी बांधून घ्यायची झोळी बरी. गोठा पाहताना मुलाच्या उंचीला खाली बसावे, ‘गाढव कुठे आहे?’ असे विचारावे आणि उत्तर सापडेपर्यंत थांबावे. गोठे राखणारी मंडळी अगत्याने बोलतात. आत हात घालायचा असेल तर मात्र त्यांना आधी विचारावे.

मुंबईत वांद्र्याच्या हिल रोडवरची सजावटीची दुकाने मुलाला दाखवायची असल्यास सकाळी, दुकाने उघडताच जावे. २० तारखेनंतरच्या संध्याकाळी तिथे लहान मुलाला नेऊ नये. गिरगावातील खोताची वाडी आणि माझगावातील माथारपाखाडी येथील जुन्या घरांसमोरून संध्याकाळी सावकाश चालत जाणे हा त्याहून कितीतरी चांगला बेत आहे. ही लोकांची राहती घरे आहेत, हे ध्यानात ठेवून आवाज कमी ठेवावा आणि दारांचे, माणसांचे फोटो विचारूनच काढावेत.

पुणेकरांनी २४ आणि २५ च्या संध्याकाळी कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता टाळावा. त्याऐवजी २६ तारखेच्या सकाळी सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये गोठा पाहून जवळच्या एम्प्रेस गार्डनमध्ये मुलाला मनसोक्त पळू द्यावे. दहा मिनिटे शांत राहिल्यावर तासभर धावायला मिळणे, हेच या वयाचे गणित आहे. पुण्यात सकाळी चांगलाच गारठा असतो, तेव्हा कानटोपी विसरू नये.

चर्चमध्ये कोणत्याही धर्माच्या माणसाने जाण्यास सहसा हरकत नसते. मिस्सा सुरू नसताना गेल्यास मुलाला मोकळेपणाने पाहता येते. मिस्सेला बसायचेच असेल तर २५ तारखेची सकाळची निवडावी, वेळ त्या चर्चमध्ये आधी विचारून घ्यावी आणि बाजूच्या दाराजवळ जागा धरावी, म्हणजे मूल रडू लागताच बाहेर पडता येते. ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी लोक रांगेत उभे राहतात, तेव्हा इतर धर्मीयांनी जागेवर बसून राहावे. तो प्रसाद श्रद्धावंत कॅथलिकांसाठी असतो. मुलाला आधीच थोडे खाऊ घालून न्यावे आणि आवाज न करणारे एखादे कापडी खेळणे जवळ ठेवावे.

सांताक्लॉजबद्दल पालकांचा उत्साह मुलापेक्षा नेहमी जास्त असतो. दाढी-टोपीत चेहरा झाकलेला अनोळखी माणूस पाहून दीड-दोन वर्षांचे मूल घाबरते, आणि त्या वयात ते अगदी स्वाभाविक आहे. फोटोसाठी रडत्या मुलाला त्याच्या मांडीवर बसवणे मला मुळीच पटत नाही. दुरून हात हलवावा. मूल स्वतःहून पुढे गेले तरच जवळ जाऊ द्यावे. ‘शहाण्यासारखा वागला नाहीस तर सांता काही देणार नाही’ असा धाक तर कधीच घालू नये. भेट एकच आणि साधी असावी. शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट पाठवताना मात्र मुलाला सोबत न्यावे आणि त्याच्या हाताने एक पुडी द्यायला लावावी. दिवाळीत ज्या घरांतून फराळ आला, त्या घरांपासून सुरुवात करावी.

गोव्यात असणाऱ्यांनी किंवा सुटी लांबवू शकणाऱ्यांनी ६ जानेवारी राखून ठेवावा. रेईश मागूश, चांदर आणि कासावलीच्या परिसरात त्या दिवशी राजांच्या वेशातील तीन मुलांची मिरवणूक निघते. कासावलीजवळ ही मुले घोड्यांवरून टेकडीवरील कपेलाकडे (छोट्या चर्चकडे) जातात. हे सारे दिवसाउजेडी होते, त्यात मुकुट आणि घोडे असतात, त्यामुळे छोट्यांसाठी मध्यरात्रीच्या मिस्सेपेक्षा हाच सोहळा अधिक जवळचा ठरतो. टोपी, पाणी आणि सावलीची जागा यांची तजवीज करावी व घोड्यांपासून अंतर राखून उभे राहावे.

तीन राजांच्या सणानंतर आवरायला घ्यावे. कापडी मूर्ती धुऊन, पूर्ण वाळवून पिशवीत भराव्यात, दिव्यांतील सेल काढून ठेवावेत आणि परळातले गवत मुळांसकट कुंडीतल्या मातीत मिसळून टाकावे. तारा फाटला असला तरी सांगाडा ठेवावा; पुढच्या वर्षी त्यावर नवा कागद चिकटवता येतो.