‘लिवून घेतलंय खरं, वाचायला येईना झालंय’ : कोल्हापुरात ऑफिसचं काम शिकवताना

भुदरगड तालुक्यातून आलेली एक मुलगी. बारावी झालेली, इंग्रजी शॉर्टहँडचा, म्हणजे बोलणं खुणांनी झटपट टिपायच्या लघुलिपीचा, चौथा महिना. त्या सकाळी मी मिनिटाला ६० शब्दांच्या गतीने पाच मिनिटं डिक्टेशन दिलं. तिची पेन्सिल कुठेही अडली नाही, वहीची दोन पानं भरली. म्हटलं, “आता वाच बघू.” ती वहीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, लिवून घेतलंय खरं, वाचायला येईना झालंय.”

(आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितलं.)

राजारामपुरीत सकाळी सातची बॅच घ्यायला लागून मला चौदा वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं एका पतसंस्थेत नोकरी केली. हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, मोजदाद नाही. स्टेनो, पीए, क्लार्क-टायपिस्ट, ऑफिस असिस्टंट, पदाचं नाव काहीही असो, समोरच्याचं बोलणं तुम्ही टिपलंत आणि तासाभराने ते जसंच्या तसं, बिनचूक कागदावर आणलंत, तर साहेब तुमच्यावर काम सोपवतात. नवीन येणाऱ्या मुलांना वाटतं की सगळा खेळ स्पीडचा आहे. स्पीड लागतोच, पण तो परीक्षेच्या दारापर्यंत नेतो.

त्या मुलीचं नेमकं काय बिघडलं होतं ते सांगते, कारण निम्म्या वर्गाचं तेच बिघडतं. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली मांडलेली पद्धत आवाजावर चालते. ‘प’ची रेघ बारीक, ‘ब’ची तीच रेघ जाड. स्वर म्हणजे टिंबं आणि छोट्या रेघा. डिक्टेशनच्या वेगात ती टिंबं टाकायला वेळच नसतो, म्हणून आउटलाइन, म्हणजे एका शब्दासाठी काढलेली रेघांची खूण, ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीतून आरपार गेली आहे, यावरून स्वर ओळखायचा. इंग्रजीतले पॅक, पेक आणि पिक हे तीन शब्द घ्या. रेघा त्याच, फक्त जागा तीन. हिने सगळ्या आउटलाइन ओळीवरच बसवल्या होत्या. शिवाय हात जड पडल्यामुळे पॅकचं बॅक झालेलं. लिहिताना वाक्य कानात ताजं होतं, म्हणून तिला चूक जाणवली नाही. वाचायच्या वेळी कानातलं गेलं होतं आणि कागदावर काहीच उरलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात डिक्टेशन कमी आणि वाचन जास्त. पहिले चार महिने बॉलपेन बंद, कारण त्याने बारीक-जाड उमटत नाही. मऊ पेन्सिल किंवा लवचीक निबेचं पेन. आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणजे ‘शिळी वही’. हा आमच्या वर्गातला शब्द आहे. काल नाही, परवाही नाही, आठ दिवसांपूर्वीचं पान उघडायचं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. आठ दिवसांत मजकूर विसरलेला असतो, त्यामुळे वहीच बोलते. जिथे अडखळाल तिथे खूण करायची आणि तीच आउटलाइन वीस वेळा लिहायची. कंटाळवाणं आहे, पण शॉर्टहँड सोडून गेलेली बहुतेक मुलं हा कंटाळा टाळणारीच होती.

परीक्षांचा हिशेब थोडक्यात सांगते. राज्य सरकारच्या पदांना लघुटंकलेखकासाठी ८०, निम्नश्रेणी लघुलेखकासाठी १०० आणि उच्चश्रेणीसाठी १२० शब्द प्रति मिनिट लागतात. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शनमध्ये ग्रेड डीला ८० आणि ग्रेड सीला १००, डिक्टेशन दहा मिनिटांचं. ग्रेड डीच्या इंग्रजी ट्रान्सक्रिप्शनला, म्हणजे टिपलेलं वाचून टाइप करायला, ५० मिनिटं मिळतात, सीला ४०. म्हणजे ८०च्या परीक्षेत दहा मिनिटं लिहायचं आणि ५० मिनिटं वाचून टाइप करायचं. परीक्षा घेणाऱ्यांनीच वेळ कशाला जास्त दिला आहे, ते बघा. टायपिंगची संगणकावरची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० लागतं. माझं म्हणणं आहे, दोन्ही करा. कोल्हापुरात फक्त इंग्रजीवर किंवा फक्त मराठीवर ऑफिस चालत नाही.

दहावीनंतर आयटीआयमध्ये स्टेनोग्राफर अँड सेक्रेटरियल असिस्टंट आणि कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) असे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत. घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी तिकडे चौकशी करा, खाजगी क्लासकडे नंतर या. मी स्वतः क्लास चालवते, तरी हेच सांगते.

आता मराठी टायपिंग. इथे मुलांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण बरीच मुलं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय घेऊन येतात. ऑफिसात बसायचं असेल तर इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिका. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, अशी साधारण मांडणी आहे. पहिल्या दिवशी मी ‘कोल्हापूर’ टाइप करायला लावते: के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. नऊ कळा. डी म्हणजे हलन्त, तो ‘ल’ आणि ‘ह’ला जोडतो. गावाचं नाव जमलं की मुलांच्या चेहऱ्यावरचं दडपण उतरतं.

खरा कस लागतो तो ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात. इथे साधा ‘र’ घेऊन हलन्त दिलात तर रफार होतो आणि ‘शेतकर्यांना’ उमटतं. त्यासाठी शिफ्ट धरून जे दाबायचं, मग डी, मग य. साखर कारखाने, दूध संस्था, बाजार समित्या अशा आपल्या भागात हा शब्द दिवसातून पन्नास वेळा टाइप होतो, आणि छापील पत्रांतही तो चुकलेला मी बघते. ही चूक नुसती दिसण्यापुरती नाही. यादीत एखाद्याचं आडनाव ‘कुऱ्हाडे’ असेल आणि तुम्ही ते रफाराने टाइप केलं असेल, तर शोध दिल्यावर संगणकाला ते सापडत नाही. माणूस काउंटरसमोर उभा असतो आणि तुम्ही सांगता, “तुमचं नाव यादीत नाही.”

जुन्या फाइलींचा त्रास वेगळा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की निरर्थक चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरने ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखंच दिसणाऱ्या अक्षरांत, आणता येतं. पण नंतर जोडाक्षरं, रफार आणि आकडे मूळ कागदाशी ताडून बघा.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. ती दरवर्षी प्रत्येक बॅचला सांगते.

पतसंस्थेतलं माझं दुसरं वर्ष. थकीत हप्त्यांच्या सुमारे तीनशे नोटिसा काढायच्या होत्या. मी नुकतंच मेल मर्ज शिकले होते. एक्सेलमध्ये नाव, पत्ता, रक्कम, भरण्याची शेवटची तारीख असे रकाने, वर्डमध्ये पत्र, आणि एका दमात तीनशे पत्रं तयार. व्यवस्थापकांनी कौतुक केलं. पाकिटं पोस्टात गेली. दोन दिवसांनी एक वयस्कर सभासद नोटीस घेऊन आले. म्हणाले, “बाई, मुदत मे महिन्याची लिवलीया. मे तर कवाच गेला. आता दंड बसणार काय?”

एक्सेलमध्ये तारीख होती ५ सप्टेंबर, ०५/०९. वर्डने मेल मर्ज करताना ती अमेरिकन पद्धतीने, महिना आधी घेऊन छापली: ९/५. आपल्याकडे ती ९ मे वाचली जाते. तेरा तारखेपासून पुढच्या तारखांत लोकांना काहीतरी चुकलंय हे कळत होतं, बारा तारखेपर्यंतच्या मात्र नुसत्याच खोट्या ठरल्या होत्या. मी स्क्रीनवर पहिलं पत्र तपासलं होतं, पण नाव आणि रक्कम बघितली, तारीख बघितलीच नाही. नोटिसा पुन्हा छापल्या, पुन्हा पाठवल्या. त्या आजोबांनी दोन दिवस दंडाच्या काळजीत काढले, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

उपाय सोपा आहे. तारखेचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या आणि मग तारखा लिहा. उलटं केलंत, म्हणजे तारखा लिहून नंतर टेक्स्ट केलं, तर तारखेच्या जागी पाच आकडी संख्या दिसू लागते. आणि छापण्याआधी पहिलं, मधलं आणि शेवटचं पत्र कागदावर काढा, शेजारच्याला मूळ यादी धरायला सांगा आणि मोठ्याने वाचा. शॉर्टहँडच्या वहीला लावतो तोच नियम इथेही लागू आहे.

सहकारी संस्थेत काम मिळालं तर प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहिता यायला हवं. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था, दूध संस्था, सेवा सोसायट्या गावोगाव आहेत आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे काम येणाऱ्या माणसाला मागणी असते. सभेत चार जण एकदम बोलतात. त्यातून विषय क्रमांक, ठराव, सूचक, अनुमोदक आणि मंजुरी एवढं उचलायचं असतं. वर्गात मी मुलांची खोटी सभा भरवते. कोणी चेअरमन, कोणी तक्रार करणारा सभासद. एकदा दोन मुलांनी लाभांशावरून इतका खरा वाद घातला की प्रोसिडिंग लिहिणारी मुलगी लिहायचं सोडून ऐकतच बसली. तिला विचारलं, “सूचक कोण?” तिला सांगता येईना. त्या दिवशी जे शिकवायचं होतं ते आपोआप शिकवून झालं.

सरकारी कार्यालयात आवक-जावक, टिपणी, मसुदा, स्मरणपत्र हे शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडतात. आता बरंचसं काम ई-ऑफिसवर, म्हणजे संगणकावरच्या फाइलींवर, चालतं, पण कागद कुठे जातो हे समजल्याशिवाय स्क्रीनवरची फाइलही समजत नाही. कुठला कागद किती काळ जपायचा, ते अभिलेखांचं वर्गीकरण पाठ करून ठेवा: ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं, ‘क-१’ ५ वर्षं, ‘ड’ एक वर्ष. संगणकातल्या फाइलींना नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आधी घाला. यादी आपोआप क्रमाने लागते.

ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. ज्या कामासाठी पक्षकार मुंबईला जायचे ते सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या इमारतीत आलं. त्यामागोमाग वकिलांची ऑफिसं आली, आणि आता आमच्याकडे विचारणा येते ती अशी: “इंग्रजी स्टेनो आहे का? पण मराठी कागद वाचता आला पाहिजे.” खालच्या कोर्टातली कागदपत्रं, सातबारा, फेरफार मराठीत आणि उच्च न्यायालयातलं कामकाज इंग्रजीत, अशी दुहेरी गरज आहे. पीडीएफला पान क्रमांक घालणं, बुकमार्क लावणं, स्कॅन केलेला मजकूर शोधता येईल असा करणं हेही आलंच. शॉर्टहँड संपलं म्हणणाऱ्यांना मी या कामाचं उदाहरण देते.

आणि व्हॉइस टायपिंग? दर बॅचला कुणीतरी विचारतंच, “मॅडम, मोबाइल ऐकून लिहितोय, मग आम्ही कशाला शिकायचं?” प्रश्न रास्त आहे, म्हणून मी तो वर्गातच करून दाखवते. गूगल डॉक्समध्ये मराठी निवडून एक पत्र बोलून टाइप करते. मजकूर झरझर येतो. मग मुलांना लाल पेन देते. विरामचिन्हं, गावांची नावं, गट नंबर, रकमेतली शून्यं, ल-ळ अशा ठिकाणी खुणा होत जातात. पहिला खर्डा म्हणून हे साधन मी स्वतः वापरते, आणि तुम्हीही वापरा. पण खाली सही साहेबांची असते आणि तपासलं कुणी, हे तुम्हाला विचारलं जातं. दुसरं म्हणजे, ऑफिसचा कागद कुठल्याही फुकटच्या संकेतस्थळावर किंवा एआयच्या खिडकीत चिकटवू नका. त्यात लोकांचे आधार क्रमांक, पगार, आजार, कर्ज असतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण ‘सेक्रेटरी’ या शब्दात ‘सीक्रेट’ त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

ती भुदरगडची मुलगी पुढे ८०ची परीक्षा पास झाली, नंतर १००ची. आता एका वकिलांकडे आहे. मध्यंतरी सुट्टीच्या दिवशी क्लासवर आली होती. नव्या बॅचला दाखवायला म्हणून मी तिची जुनी वही कपाटातून काढली. तिने मधलंच एक पान उघडलं आणि उभं राहून वाचायला लागली. सगळा वर्ग ऐकत होता. दोन ठिकाणी ती अडखळली. समोरच्या मुलाकडून पेन्सिल मागून घेतली आणि त्या दोन आउटलाइनखाली खूण केली.