मॉकमधले गेलेले मार्क कसे शोधायचे

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे गणिताला येणारी पोरं रविवारी एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचा मॉक, म्हणजे २०० मार्कांचा सराव पेपर, देतात आणि सोमवारी दारातूनच सांगतात, "सर, ११८!" बरं, मग उरलेले ८२ कुठं गेले? तिथं सगळे गप्प.

पीसीएमचा (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) मॉक तीन तासांचा. तपासायला तेवढाच वेळ द्या, आणि तोही त्याच संध्याकाळी. दोन दिवसांनी आपण काय विचार करून तिसरा पर्याय दाबला होता, ते जोतिबालाही सांगता यायचं नाही.

वहीत प्रत्येक गेलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा: येत होतं पण चुकलं, येतच नव्हतं, की वेळ पुरला नाही. 'सिली मिस्टेक' असं लिहिलेलं मला चालत नाही. चिन्ह चुकलं की प्रश्न अर्धाच वाचला, ते लिहा.

शिवाय तुक्के. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. पण लागलेला तुक्का मार्कांत मिसळून जातो आणि तो धडा आपल्याला येतो असं वाटायला लागतं. म्हणून तुक्का मारतानाच कच्च्या कागदावर प्रश्नाचा नंबर टिपा आणि तपासताना तो चुकलेल्यांतच धरा. आकडा खाली येतो, पोरं नाराज होतात. होऊ देत.

आता वेळेचं. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी १ मार्क. मॅथ्सचे ५० प्रश्न, तेवढीच मिनिटं, प्रत्येकी २. म्हणजे दोन्हीकडे मार्कामागं ५४ सेकंद. मॅथ्सच्या एका प्रश्नावर चार मिनिटं घातली की दुसऱ्या प्रश्नाचा वेळ गेलाच.

एका पोरीच्या वहीतलं बघा. इंटिग्रेशन शून्य ते पाय बाय टू, वर साइन एक्स, खाली साइन एक्स अधिक कॉस एक्स. तिनं टॅन घेऊन पानभर सोडवलं, शेवटी चिन्ह चुकलं आणि कारण लिहिलं 'कॅल्क्युलेशन'. खरं तर एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घालायचं, वर कॉस येतो. दोन्ही इंटिग्रलची बेरीज पाय बाय टू, म्हणून उत्तर पाय बाय फोर. दोन ओळी! तिला आकडेमोडीचा सराव देऊन काय उपयोग? चुकली होती ती रीत. म्हणून 'येत होतं पण चुकलं' असं लिहिण्याआधी मॉकसोबतच्या नमुना उत्तरांतली रीत आपल्या रीतीशेजारी ठेवून बघाच.

अशा तीन-चार मॉकच्या नोंदी झाल्या की त्या धड्यांप्रमाणे मांडा. 'येतच नव्हतं'ची गर्दी बहुतेकांची अकरावीच्या धड्यांत निघते. पेपरात अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, म्हणजे मॅथ्समध्ये दहाएक प्रश्न, २० मार्क. सर्कल आणि ट्रिगोनोमेट्री एवढं जरी आठवडाभरात उरकलं तरी फरक दिसतो.

एका मॉकचे मार्क दुसऱ्याशी ताडत बसू नका. पेपर सोपा-अवघड असतोच, आणि खऱ्या परीक्षेतही निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत लागतो. कुठलं कारण कमी झालं, तेवढं बघा.

बुधवारी फक्त गेलेले प्रश्न, उत्तर झाकून, घड्याळ लावून परत सोडवा. तरीही जे अडतील ते घेऊन माझ्याकडे या. नवा मॉक त्यानंतर.