वडिलांचा पीएसए वाढलाय? रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचायचे

पीएसए म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत तयार होणारं प्रथिन; ते रक्तात मोजतात. ते ४ च्या वर आलं की कोल्हापूरहून मुंबईच्या पाहुण्यांना फोन जातो आणि महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट निघतं. त्याआधी आकडा कशाने वाढलाय ते बघा. लघवीला जळजळ होती, ताप होता, लघवी तुंबून नळी घालावी लागली, तर कॅन्सर नसतानाही पीएसए दुप्पट-चौपट होतो. अशा वेळी लघवीची रुटीन आणि कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) करायचं, औषधाचा कोर्स पुरा करायचा आणि ६ ते ८ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायचं. लॅब बदलली की किट बदलतं, मग दोन आकड्यांची तुलना फसते. रक्त देण्याआधी दोन दिवस शरीरसंबंध आणि सायकलची लांब रपेट टाळावी. उपाशीपोटी जायची मात्र गरज नाही.

उलटी चूक गोळ्यांमुळे होते. प्रोस्टेट वाढल्यावर मिळणाऱ्या गोळीत बऱ्याचदा टॅमसुलोसिनच्या जोडीला ड्युटास्टेराइड असतं. टॅमसुलोसिनने पीएसएला काही होत नाही. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने चालू असेल तर तो साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टवरचा ३.५ हा ७ धरायचा. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. "ती पांढरी गोळी" एवढ्याने काम भागत नाही.

मग सोनोग्राफीचा रिपोर्ट काढा. त्यात प्रोस्टेटची तीन मापं सेंटिमीटरमध्ये असतात. तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ ने गुणलं की आकारमान मिळतं: ५ × ४.५ × ४.४ × ०.५२ म्हणजे जवळपास ५१ मिलि. पीएसएला या आकड्याने भागायचं. पीएसए ६ आणि प्रोस्टेट ६० मिलि, तर हा भागाकार, म्हणजे पीएसएची घनता, ०.१०; तोच पीएसए ३० मिलिच्या प्रोस्टेटमध्ये असेल तर ०.२०. ०.१५ च्या वर संशय वाढतो. परदेशी रिस्क कॅल्क्युलेटर बहुतांशी तिकडच्या पुरुषांवर बेतलेले आहेत. त्यांची टक्केवारी इथे तशीच्या तशी धरू नका. गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट चाचपण्याची तपासणी लाजेपोटी टाळू नये. पीएसए कमी असतानाही कडक गाठ हाताला लागू शकते.

एमआरआय तपासणीसाठी प्रोस्टेटचा तुकडा काढण्याआधी, म्हणजे बायोप्सीआधी, करायचा. आधी तुकडा काढला तर आतल्या रक्तस्रावामुळे चित्र गढूळ येतं आणि परत काही आठवडे थांबावं लागतं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स हा कॅन्सरच्या संशयाचा १ ते ५ असा गुण असतो. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी, १–२ असून घनताही कमी असेल तर बहुतेकदा थांबता येतं, ३ ला बाकीच्या गोष्टी बघून ठरवतात. बायोप्सी गुदद्वारातून किंवा त्याच्या पुढच्या त्वचेतून करतात; त्वचेतून केली तर जंतुसंसर्गाचा धोका कमी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती बंद करायची का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नका.

बायोप्सीच्या रिपोर्टवर घर सगळ्यात जास्त घाबरतं, कारण ग्लिसन (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा, दोन आकड्यांच्या बेरजेचा गुण) ६ म्हणजे "दहापैकी सहा" असं वाटतं. प्रत्यक्षात बायोप्सीत ६ हा सगळ्यात सौम्य गुण आहे, ग्रेड ग्रुप १. बेरीज ७ असेल तर आधी कोणता आकडा आहे ते बघा: ३+४ हा ग्रुप २, ४+३ हा ग्रुप ३. ८ म्हणजे ग्रुप ४, आणि ९–१० म्हणजे ५. किती तुकड्यांपैकी किती तुकड्यांत कॅन्सर आहे, तेही लिहिलेलं हवं. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद पुरत नाही. काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, आणि उन्हात गाडीत ठेवू नका.

आता धोक्याचा गट. पीएसए १० च्या आत, ग्लिसन ६, गाठ छोटी किंवा हाताला न लागणारी, तर कमी धोका. पीएसए २० च्या वर, किंवा ग्लिसन ८ किंवा त्याहून जास्त, किंवा कॅन्सर प्रोस्टेटच्या बाहेर, यातलं एक जरी असलं तरी जास्त धोका. उरलेले मधल्या गटात.

कमी धोक्यात घाई नको. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात १६४३ पुरुषांची लक्ष ठेवणे, ऑपरेशन आणि रेडिएशन अशी विभागणी केली. १५ वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के होते. हा फरक नगण्य. पण नुसतं लक्ष ठेवलेल्यांत कॅन्सर पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, बाकीच्या दोन गटांत ५ च्या आसपास. हे आकडे पीएसएवरून लवकर सापडलेल्या रुग्णांचे आहेत. कॅन्सर हाडांत पसरून कंबरदुखी घेऊन पहिल्यांदाच सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) आलेल्या माणसाला ते लावू नयेत. शिवाय लक्ष ठेवणं म्हणजे घरी बसणं नव्हे: दर सहा महिन्यांनी पीएसए, ठरलेल्या वेळी एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी. उसाच्या हंगामात तारीख चुकणार असेल तर ती हंगामाच्या आधीच घ्या. वयाच्या दाखल्यापेक्षा तब्येत महत्त्वाची. रंकाळा तलावाला रोज फेरी मारणारा ७४ वर्षांचा माणूस आणि दोन अटॅक येऊन गेलेला ६८ वर्षांचा माणूस, यांचा निर्णय सारखा नसतो.

ऑपरेशननंतर लघवी गळणे आणि लैंगिक ताठरता कमी होणे हे त्रास जास्त; रेडिएशनने, म्हणजे लाईट दिल्याने, शौचाचे त्रास जास्त. दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडणं हे कॅन्सरचं ऑपरेशन नव्हे, लघवीची वाट मोकळी करण्याचं आहे. हा घोळ फार होतो. रेडिएशनच्या २० बैठका म्हणजे चार आठवडे, दर वेळी मूत्राशय भरलेलं आणि शौच साफ झालेलं हवं. चंदगड-गगनबावड्याहून रोज येणं झेपेल का, ते आधी ठरवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं हे उपचार सुरू करण्यापूर्वी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

जास्त धोक्यात रेडिएशनबरोबर दीड ते तीन वर्षं पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं असतात. "एकदाच खर्च" म्हणून इथे ते हार्मोन बनवणारे अंडकोषच काढून टाकू नयेत, कारण इंजेक्शन थांबवता येतं, ऑपरेशन उलटवता येत नाही. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर हिशोब वेगळा. तिथे अंडकोष काढण्याचा पर्याय रास्त आहे, पण नुसतं हार्मोन दाबण्यावर न थांबता अबिराटेरोनसारखी गोळी जोडायची का, हे विचारा. ती उपाशीपोटी, प्रेडनिसोलोनसोबत घेतात, आणि रक्तदाब व पोटॅशियम तपासत राहावं लागतं. पाठदुखीबरोबर पाय लुळे पडू लागले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी मणक्याचा एमआरआय.