वर्णपटाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह काढताना

बडोद्याच्या औषध-प्रयोगशाळांत काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना एक आग्रहाची सूचना आहे. दोन घटकांची शोषणशिखरे एकमेकांत मिसळली असतील, तर वर्णपटाचा, म्हणजे तरंगलांबीनुसार शोषण दाखवणाऱ्या आलेखाचा, दुसरा डेरिव्हेटिव्ह (उतार कसा बदलतो ते दाखवणारा वक्र) अवश्य काढावा, कारण त्यात स्थिर आणि सरळ रेषेत कललेली बेसलाइन (शिखरांखालची पायाभूत रेषा) नाहीशी होते व रुंद शिखरात दडलेले अरुंद शिखर ऋण दरीच्या रूपाने उठून दिसते. मात्र प्रत्येक डेरिव्हेटिव्हगणिक नॉइज, म्हणजे मोजणीतले अनियमित चढउतार, वाढतो. म्हणून साविट्स्की आणि गोले यांनी १९६४ मध्ये मांडलेली, शेजारच्या काही बिंदूंवर बहुपदी बसवून वक्र गुळगुळीत करण्याची रीत वापरावी. तिच्यात एका वेळी घेतलेल्या बिंदूंचा पट्टा शिखराच्या अर्ध्या उंचीवरील रुंदीहून मोठा ठेवल्यास दरी उथळ होते. प्रमाण द्रावण (ज्यातील घटकाचे प्रमाण आधीच ठाऊक असते) आणि नमुना या दोहोंना तोच पट्टा आणि बिंदूंमधले तेच अंतर लावावे. नेमके हेच घाईत राहून जाते.