आवडत्या पिक्चरचा पार्ट टू कसा टाळायचा (आणि बघून झाला असेल तर काय करायचं)

आधीच सांगते, खाली चार-पाच जुन्या पिक्चरांचे शेवट फोडलेत, त्यामुळे ज्यांना ते अजून बघायचेत त्यांनी इथूनच मागे फिरा.

माझं कसं झालं ते ऐका. एलियन्स, १९८६ चा, जेम्स कॅमेरूनने दिग्दर्शित केलेला, रात्री एकटीच बघत होते. शेवटी नायिका रिप्ली त्या न्यूट नावाच्या छोट्या पोरीला परग्रहावरच्या राक्षसांच्या सगळ्या राड्यातून बाहेर काढते, सोबतचा सैनिक हिक्स जखमी आहे पण जिवंत आहे, आणि झोपायच्या आधी पोरगी विचारते की आता स्वप्नं बघता येतील का. संपला पिक्चर. मी नाक पुसत बसलेय तोवर स्क्रीनच्या कोपऱ्यात पुढचा पिक्चर लागायचं पाच-चार-तीन सुरू झालं, रिमोट उशीखाली गेलेला, आणि धाडकन एलियन ३ लागला. म्हटलं बघू दहा मिनिटं, काय बिघडतंय. यानात आग लागते, यान कोसळतं, आणि न्यूट आणि हिक्स दोघंही खलास. जिच्यासाठी मी दोन तास जीव मुठीत धरून बसले होते तिला यांनी एक डायलॉगसुद्धा दिला नाही, झोपेतच मारली!! त्यानंतर कित्येक दिवस एलियन्सचा शेवट आठवला की पाठोपाठ तेच आठवायचं.

तर पहिलं काम म्हणजे ऑटोप्ले बंद करा. आत्ता, हे वाचता वाचता. बहुतेक ठिकाणी तो अकाउंटच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकखाली असतो आणि बऱ्याचदा प्रत्येक प्रोफाइलला वेगळा असतो, म्हणजे तुमच्याकडे बंद आणि घरच्यांच्या प्रोफाइलवर चालूच, आणि टीव्हीवर नेमकं त्यांचंच प्रोफाइल उघडं असतं.

दुसरी गोष्ट, सगळे सिक्वेल टाळायची गरज नसते. सिक्वेल फालतू असणं वेगळं आणि त्याने मूळ पिक्चरची वाट लावणं वेगळं. नुसता फालतू असेल तर दोन तास गेले, विषय संपला. त्रास तो देतो जो मागे जाऊन पहिल्याच्या शेवटाला हात लावतो. म्हणून मी एक करते, पहिल्या पिक्चरच्या शेवटाने मला काय दिलं ते एका वाक्यात मनाशी म्हणते आणि मग बघते की पुढचा भाग ते वाक्य खोटं पाडतो का. टर्मिनेटर २ (१९९१) घ्या. माझं वाक्य होतं 'जगबुडी टळली, पोरगा वाचला'. २००३ चा तिसरा भाग म्हणतो टळली नव्हती, फक्त पुढे ढकलली होती, आणि शेवटी बॉम्ब पडतातच. २०१९ चा डार्क फेट तिसऱ्यापासूनचं सगळं बाजूला ठेवतो, वाटलं चला आता तरी, तर तो सुरुवातीलाच त्या पोराला गोळ्या घालतो. त्याचा निर्माता कोण, तर कॅमेरूनच, ज्याच्या न्यूटचा दुसऱ्यांनी असाच निकाल लावला होता. आता काय बोलायचं.

आणि हे चांगल्या सिक्वेललाही लागू आहे बरं का. टॉय स्टोरी ३ (२०१०) मध्ये मोठा झालेला अँडी आपली खेळणी बॉनी नावाच्या छोट्या मुलीला देऊन टाकतो आणि गाडीत बसून निघतो, तिथे माझ्यापुरती गोष्ट संपली. चौथ्याला ऑस्कर मिळालं, सगळे म्हणतात मस्त आहे, असेलही. मी बघितलेला नाही आणि बघणारही नाही.

न बघता कसं कळणार म्हणाल तर एका भरवशाच्या माणसाला विचारा, पण प्रश्न एकच, पहिल्याचा शेवट तसाच राहतो का, हो की नाही. पुढे एक शब्द बोलायला लागला की कानावर हात. दिग्दर्शक आणि लेखक तेच आहेत का हेही बघा, खात्री देत नाही पण अंदाज येतो. बिफोर सनराइज (१९९५) संपतो तेव्हा त्यातले प्रेमात पडलेले दोघं सहा महिन्यांनी परत भेटणार की नाही हे कळत नाही, आणि मला ते न कळणंच आवडायचं, म्हणून दुसरा भाग मी कित्येक वर्षं लांब ठेवला. मग कळलं की दिग्दर्शक तोच, नट-नटी तेच आणि यावेळी लिहिण्यातही ते दोघं आहेत. बघितला, आणि उगाच इतकी थांबले असं झालं.

एकदा ठरलं की नाही बघायचा, तर मग नीट टाळा, अर्धवट टाळण्यात काही मजा नाही. सोशल मीडियावर पिक्चरचं नाव म्यूट करून भागत नाही, पात्रांची नावं पण टाका, कारण मीम करणारे पिक्चरचं नाव कधीच लिहीत नाहीत. ट्रेलर एकदाही उघडू नका, 'नुसतं बघू तरी' म्हणून एक उघडलात की पुढे महिनाभर 'एंडिंग एक्सप्लेन्ड' छापाचे व्हिडिओ येत राहतात आणि त्यांचं थंबनेलच सगळं सांगून टाकतं. आणि विकिपीडियावर पात्राचं पान उघडू नका हो, फक्त त्या एका पिक्चरचं पान वाचा. पात्राच्या पानावर जन्मापासून मरणापर्यंत सगळे भाग एका दमात लिहिलेले असतात, मी एका नटाचं नाव शोधायला गेले आणि हात हलवत नाही तर एक मृत्यू घेऊन परत आले.

आता ज्यांचा बघून झालाय त्यांच्यासाठी. लगेच पहिला परत लावू नका, डोक्यात सतत दुसराच चालू राहतो. चार-सहा महिने जाऊ द्या. मग लावा, शक्यतो अशा कुणाबरोबर ज्याने सिक्वेल बघितलेलाच नाही, कारण त्या माणसासाठी गोष्ट खरंच तिथेच संपते आणि त्याच्या शेजारी बसून आपल्यालाही जरा तसं वाटायला लागतं. मला तरी याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला.

कोणी म्हणेल, अगं पण ऑफिशियली तसं झालंय ना. कसलं ऑफिशियल? बनवणारेच पाळत नाहीत. हॅलोवीन या भयपटांच्या मालिकेतल्या १९८१ च्या भागात सांगितलं की नायिका लॉरी ही खुनी मायकलची बहीण आहे, आणि २०१८ च्या भागाने १९७८ नंतरचं सगळं उडवून लावलं, वर त्यातली लॉरीची नात म्हणते की ते बहीण-बिहीण लोकांनी रचलेलं आहे. हायलँडर २ (१९९१) ने तर पहिल्या भागातल्या अमर माणसांना परग्रहावरचे करून टाकलं, तिसऱ्या भागाने ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि पुढे खुद्द दुसऱ्याच्याच नव्या एडिटमधून तो परग्रह गायब झाला. बॅक टू द फ्यूचरच्या शेवटचं 'टू बी कंटिन्यूड' आठवतं का? थिएटरमध्ये ते नव्हतंच, व्हिडिओ कॅसेट काढताना टाकलं. ही मंडळी एवढं करतात, तर मी माझ्या सोफ्यावर बसून एक अख्खा पिक्चर झालाच नाही असं म्हटलं तर कुणाचं काय जातंय.

परवाच भाचीला एलियन्स दाखवला, तिचा पहिल्यांदाच. पोरीने शेवटी विचारलंच, मावशी पुढे काय होतं गं त्यांचं? म्हटलं काही नाही, घरी जातात. रिमोट आधीपासून हातात होता, पाच-चार-तीनची वाट न बघता टीव्हीच बंद केला.