फोन रूट करण्याची रीत आणि वॉरंटीचा हिशेब

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फोन दुरुस्तीला नेला, की काउंटरवरचा माणूस अनेकदा पहिला प्रश्न विचारतो, "भो, बिल आहे का?" फोन रूट करायला, म्हणजे त्याच्या प्रणालीचे सर्वाधिकार आपल्याकडे घ्यायला, बसणाऱ्यानेही आधी हेच बिल शोधून काढावे आणि त्यावरची तारीख पाहावी. भारतात बहुतेक फोनांवर खरेदीच्या दिवसापासून एक वर्षाची वॉरंटी असते, चार्जरसारख्या सोबतच्या वस्तूंवर सहसा सहा महिन्यांची. ती मुदत संपलेली नसेल, तर पुढची सगळी रीत वाचून ठेवावी, पण हात मुदत संपल्यावरच घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अँड्रॉइड ही प्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर उभी आहे आणि लिनक्समध्ये 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता. फोन विकत घेणाऱ्याला कंपनी हा अधिकार देत नाही. त्यामुळे प्रणालीच्या फाइली त्याला बदलता येत नाहीत आणि एका ॲपला दुसऱ्या ॲपची माहितीही वाचता येत नाही. रूट केल्यावर हे कुंपण उघडते, आणि ते मालकासाठी जसे उघडते तसे मालकाने चुकून परवानगी दिलेल्या कोणत्याही ॲपसाठीही उघडते.

रूट करण्याची जी कारणे लोक सांगतात, त्यांतल्या निम्म्यांना रूटची गरजच नसते. फोनसोबत आलेली नको असलेली ॲप काढायची असतील, तर संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबी या साधनाच्या साहाय्याने ती चालू वापरकर्त्यापुरती काढून टाकता येतात. त्यात बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणाऱ्या कुलूपबंद प्रोग्रामला, हात लागत नाही आणि फोन फॅक्टरी रीसेट केला की ती ॲप परत येतात. याउलट एक गरज मला खरी वाटते. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या मळ्यातल्या खोलीत जुना फोन कॅमेरा म्हणून कायम चार्जरला लावून ठेवणारे शेतकरी असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, त्यात बॅटरी सतत १०० टक्क्यांवर राहिली तर ती फुगते. जुन्या फोनांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय नसते आणि ती मिळवायला रूट लागते. अशा फोनची वॉरंटी केव्हाच संपलेली असते आणि त्यावर कोणाचे बँक खातेही नसते, म्हणून रूट शिकायला कपाटातला असा फोनच योग्य होय.

आता वॉरंटीकडे वळू. सोबत येणारे हमीपत्र सहसा कोणी वाचत नाही, पण कोणत्या गोष्टी वॉरंटीत बसत नाहीत हे सांगणाऱ्या कलमांत अनधिकृत सॉफ्टवेअर बदलाचा उल्लेख बहुधा असतोच, म्हणून आपल्या फोनचे हमीपत्र शब्दशः वाचावे. केलेला बदल लपवणेही सोपे नाही. बूटलोडर उघडलेला फोन सुरू होताना बहुधा पडद्यावर इशारा दाखवतो. सॅमसंगच्या नॉक्स ही सुरक्षा व्यवस्था असलेल्या फोनांत तर अनधिकृत सॉफ्टवेअर चढवताच एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरी ती खूण पुसली जात नाही आणि सुरक्षित फोल्डर पुन्हा वापरता येत नाही. स्पीकर किंवा चार्जिंगचा सांधा बिघडण्याचा रूटशी काही संबंध नसतो, हे खरे. तरीही सेवा केंद्राने रूटचे कारण सांगून हात वर केले, तर ग्राहकाला दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ग्राहक आयोग आहेत, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही आणि १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. मात्र दहा-बारा हजारांच्या फोनसाठी तारखांना हेलपाटे घालायची आपली तयारी आहे का, हे आधी ठरवावे.

वॉरंटीपेक्षा रोजच्या वापरातले नुकसान अधिक बोचते. गूगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी बूटलोडर उघडा असल्याचे ओळखते, त्यामुळे बँकांची आणि यूपीआयची अनेक ॲप चालायची थांबू शकतात. अनेक फोनांत चित्रपट दाखवणाऱ्या ॲपची चित्रगुणवत्ताही खालावते, कारण चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या वाइडवाइन या व्यवस्थेची वरची पातळी मिळत नाही. बाजारात केळी विकून पैसे थेट खात्यात घेणाऱ्याने नेहमीचा फोन या प्रयोगासाठी वापरू नये.

हे सगळे समजून घेऊनही पुढे जायचे असेल, तर आधी आपल्या मॉडेलचा बूटलोडर उघडतो का, हे पाहावे. काही कंपन्या तो उघडूच देत नाहीत. शाओमीसारख्या काही कंपन्यांत खाते जोडून ठरावीक काळ थांबावे लागते. मग सर्व माहितीचा बॅकअप घ्यावा, कारण बूटलोडर उघडताना फोन पूर्ण रिकामा होतो आणि ही अट टाळता येत नाही. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय दिसू लागतात; तेथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग सुरू करावे. संगणकावर गूगलचे प्लॅटफॉर्म टूल्स (यात एडीबी आणि फास्टबूट ही साधने असतात) आणि फोनचा ड्रायव्हर बसवावा. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून डेस्कटॉपऐवजी बॅटरी भरलेला लॅपटॉप घ्यावा आणि फोनही निदान ६० टक्के चार्ज असावा.

फोन फास्टबूट स्थितीत, म्हणजे प्रणाली सुरू न होता बूटलोडर संगणकाच्या आज्ञा घेतो त्या स्थितीत, नेऊन 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक' ही आज्ञा रोमन लिपीत टाइप करावी आणि फोनच्या पडद्यावर आवाजाच्या बटणांनी संमती द्यावी. सॅमसंगमध्ये फास्टबूट नसतो, त्याची रीत वेगळी आहे आणि ती येथे सांगत नाही. फोन पुन्हा सुरू झाल्यावर आपल्या फोनच्या नेमक्या बिल्ड क्रमांकाचे (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचे) मूळ सॉफ्टवेअर उतरवून त्यातून 'बूट' इमेज, म्हणजे फोन सुरू करण्यासाठी लागणारी फाइल, काढावी. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या नव्या फोनांत सहसा 'इनिट बूट' इमेज लागते. ती फोनमध्ये टाकून रूट मिळवून देणाऱ्या मॅजिस्क ॲपमध्ये पॅच करावी (म्हणजे तिच्यात रूटसाठीचा बदल करावा), तयार झालेली फाइल संगणकावर आणावी आणि फास्टबूटने ती फोनच्या साठवणीतल्या त्याच नावाच्या विभागावर फ्लॅश करावी, म्हणजे लिहावी. मॅजिस्क त्याच्या निर्मात्याच्या गिटहबवरील पानावरूनच घ्यावे; एका बटणात रूट करून देण्याचे आमिष दाखवणाऱ्या ॲपपासून लांब राहावे.

मूळ इमेज जपून ठेवायची, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. आकड्यांत एका अंकाचाच फरक असलेल्या बिल्डची इमेज मी टाकली आणि फोन कंपनीच्या चिन्हापाशी अडकून पुन:पुन्हा सुरू होऊ लागला. योग्य बिल्डची मूळ इमेज फास्टबूटने परत टाकल्यावर तो पाच मिनिटांत जागा झाला, पण ती शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. जुने सॉफ्टवेअर टाकण्याचा धोका मात्र याहून मोठा आहे. काही फोनांत जुन्या आवृत्तीला मज्जाव करणारी व्यवस्था असते. ती मोडली तर फोन फास्टबूटलाही प्रतिसाद देत नाही, आणि मग गोलाणीतला कारागीरही मदरबोर्ड बदलण्याचीच भाषा करतो. रूटच्या जोरावर आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बदलून देण्याचे कोणी सुचवले, तर नकार द्यावा. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार तो तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे.

फोन परत पूर्ववत करायचा असेल, तर आधी मॅजिस्कमधून मूळ इमेज परत बसवावी, मग कंपनीचे संपूर्ण सॉफ्टवेअर फ्लॅश करावे आणि फोन नीट सुरू होतो याची खात्री झाल्यावरच बूटलोडर बंद करावा. बदललेली इमेज आत असताना तो बंद केला, तर पडताळणी फसते आणि फोन सुरू होत नाही. कुलूप लावतानाही माहिती पुन्हा पुसली जाते. प्रणालीचे अपडेट आले, तर रूट असलेल्या फोनवर ते सरळ बसत नाही. मॅजिस्कमधून मूळ इमेज परत ठेवावी, अपडेट उतरू द्यावे आणि दोन विभागांची रचना असलेल्या (प्रणालीचे दोन संच ठेवून एका वेळी एकच वापरणाऱ्या) फोनांत पुन्हा सुरू करण्याआधीच निष्क्रिय विभागावर मॅजिस्क बसवावे. जुन्या रचनेच्या फोनांत अपडेट पूर्ण बसल्यावर नव्या बिल्डची इमेज काढून तीच रीत पहिल्यापासून करावी लागते.