काळ सांगणाऱ्या गाण्यांचा दीड तास: गावातल्या मंडळाने कार्यक्रम कसा बांधावा

गणपती, शारदोत्सव किंवा कॉलेजचं गॅदरिंग जवळ आलं की खानदेशात जुन्या-नव्या गाण्यांचा कार्यक्रम ठरतोच. बहुतेक ठिकाणी ज्याला जे गाता येतं ते तो गातो आणि निवेदक मध्ये मध्ये शेर टाकतो. त्याऐवजी गाण्यांमधून 1950 पासून आजपर्यंतचा काळ उभा करायचा असेल, तर खरी मेहनत निवडीची आहे. गायन त्यानंतर येतं.

निवडीला एकच कसोटी लावा. त्या वर्षी लोकांचं काय चाललं होतं आणि हे गाणं त्यात कुठे बसतं, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर गाणं कितीही गोड असो, या यादीत ते नको. उदाहरणार्थ, ‘साथी हाथ बढ़ाना’ हे ‘नया दौर’मधलं, 1957 सालचं. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती, भर मोठ्या उद्योगांवर होता, आणि सिनेमात टांगेवाल्याची शर्यत मोटारबसशी लागते. यंत्र आलं तर हातांनी काय करायचं, हा तेव्हाचा प्रश्न त्या गाण्यात आहे. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ 1962 च्या चीन युद्धानंतर, 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लताबाईंनी गायलं. ‘मेरे देश की धरती’ 1967 च्या ‘उपकार’मधलं, म्हणजे शास्त्रीजींच्या ‘जय जवान, जय किसान’ नंतरचं. ही तीन गाणी घेतली तर स्वातंत्र्यानंतरच्या वीस वर्षांचा कणा तयार होतो.

सत्तरच्या दशकासाठी बहुतेक मंडळं प्रेमगीतं घेतात. आमच्या मते तिथे ‘महंगाई मार गई’ हवंच. 1972 चा दुष्काळ आणि रोजगार हमीची कामं आठवणारी माणसं अजून समोर बसलेली असतात. मे 1974 मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला आणि त्याच वर्षी हे गाणं असलेला ‘रोटी कपडा और मकान’ आला. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हे दोन्ही एका निवेदनात सांगितलं, तर गाण्याआधीच लोक सरसावून बसतात. मात्र ही कव्वाली आहे. एकट्याने गायली तर ती पडते. दोन पुरुष, एक बाई आणि टाळ्या धरणारे चौघे एवढी माणसं नसतील तर ती ध्वनिमुद्रित वाजवा.

पुढे 1980 चं ‘आप जैसा कोई’ डिस्कोसाठी आणि 1990 च्या ‘आशिकी’मधलं एक गाणं कॅसेटच्या काळासाठी. मग 2016 चं ‘झिंगाट’. मधल्या जागा गावाच्या आठवणीने भरा.

गावाची आठवण म्हणजे गाणं इथे कसं पोचलं ते. मुंबईत सिनेमा लागला त्या वर्षी तो खेड्यात पोचायचाच असं नव्हतं. यात्रेतल्या तंबूत तो कधी कधी काही वर्षांनी दिसे. रेडिओवर गाणं आधी येई, तेही आडवाटेने. 1952 मध्ये आकाशवाणीने हिंदी सिनेसंगीताला जवळजवळ दार लावून घेतलं, म्हणून लोक रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. विविध भारती आली 3 ऑक्टोबर 1957 ला. त्यानंतर लग्नातला बँड, मग कॅसेट, मग पेनड्राइव्ह, मग यूट्यूब. म्हणून सत्तरीच्या पुढच्या आठ-दहा माणसांना एकच प्रश्न विचारा: ‘बाबा, हाई गानं कोठे आयकं व्हतं?’ ‘कोणतं गाणं आवडतं’ असं विचारलं तर सगळे तीच पाच नावं सांगतात. ‘कुठे ऐकलं’ विचारलं की जिनिंगचा भोंगा, पानटपरीवरचा रेडिओ, वरातीतली क्लॅरिनेट, सगळं निघतं. निवेदनाचा मजकूर तिथेच मिळतो.

साल तपासताना मोबाइलच्या गाण्याच्या अ‍ॅपवर विसंबू नका. तिथे बऱ्याचदा संग्रह किंवा सीडी पुन्हा निघाल्याचं वर्ष दिसतं, त्यामुळे 1957 चं गाणं 2003 चं होतं. शिवाय त्याच नावाने दुसऱ्याच गायकाने नंतर गायलेली आवृत्ती वर येते. सिनेमाच्या सुरुवातीला येणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि श्रेयनामावली पाहून वर्ष, गीतकार, संगीतकार या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या.

आता आपल्या मातीची गाणी. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या. त्यांच्या कविता 1952 मध्ये, त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आल्या आणि 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटातून घराघरात गेल्या. निवेदक इथे हमखास एक चूक करतात: ‘बहिणाबाईंची अहिराणी’ असं म्हणतात. त्यांची बोली लेवा गणबोली. जळगाव, यावल, रावेरकडचा प्रेक्षक ही चूक लगेच पकडतो, आणि पकडायलाच हवी. अहिराणीसाठी यूट्यूबच्या काळातलं ‘हाई झुमकावाली पोर’ किंवा ‘बबल्या इकस केसावर फुगे’ घ्या. ज्या बोलीला कॅसेटच्या जमान्यात स्थानिक दुकानापलीकडे बाजार नव्हता, तिच्या गाण्यावर पुण्या-मुंबईच्या वराती नाचल्या. हा या काळाचा बदल आहे आणि तो अभिमानाने सांगावा. कानबाईच्या उत्सवाची आणि आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी मात्र दशकांच्या रांगेत बसवू नका. त्यांना साल नाही. ती घ्यायची तर वेगळी दहा मिनिटं ठेवा, आणि गावातल्या बायांनाच गाऊ द्या.

वेळेचा हिशेब असा. 90 मिनिटांत 16 गाणी. गाण्याला 3 मिनिटं, निवेदनाला 1, माइक आणि माणसं बदलायला अर्धा मिनिट. एकूण 72. उरलेली 18 मिनिटं सत्कार, नारळ आणि वन्स मोअर यांत जातातच. 20 गाणी घेणाऱ्यांचा कार्यक्रम अकराला संपतो. पन्नाशीच्या दशकातली बरीच गाणी तशीही 3 ते साडेतीन मिनिटांची आहेत, कारण 78 आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. नव्वदनंतरची गाणी पाच-सहा मिनिटांची. त्यांचा मुखडा, एक अंतरा आणि पुन्हा मुखडा एवढंच ठेवा. काटछाट तालमीतच ठरवा, मंचावर खुणा करून नाही. एका मिनिटाच्या निवेदनाला शंभर-एकशेदहा शब्द पुरतात. ते लिहून काढा आणि घड्याळ लावून वाचा.

कार्यक्रम अगदी सालवार लावला तर पहिला अर्धा तास संथ जातो आणि पोरं उठून जातात. म्हणून दुसरंच गाणं टाळ्यांचं ठेवा. ‘साथी हाथ बढ़ाना’ त्यासाठी उत्तम. पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास एकदा क्रम मोडून अहिराणी गाणं आणा आणि पुन्हा मागे जा. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ रांगेत ठेवू नका. 2023 पासून ते राज्यगीत आहे, सगळे उभे राहतात आणि मध्येच कार्यक्रमाची लय तुटते. ते सुरुवातीलाच घ्या. राजा बढे, श्रीनिवास खळे आणि शाहीर साबळे ही नावं आधी सांगा.

हौशी गायकांचा घोळ पट्टीत होतो. महेंद्र कपूर यांच्या गाण्यांचे वरचे सूर मूळ पट्टीत झेपत नाहीत आणि अंतऱ्यात आवाज फाटतो. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोज उणे दोन, म्हणजे पट्टी दोन अर्धस्वर खाली, करायला सांगा. कराओके ट्रॅकची पट्टी बदलत असाल तर तीन अर्धस्वरांपलीकडे जाऊ नका, वाद्यं विचित्र वाजू लागतात. पट्टी पहिल्या तालमीत ठरवून प्रत्येक गाण्यापुढे लिहा. तालमी किमान चार, त्यातली शेवटची माइकवर.

ध्वनिमुद्रित ट्रॅक थेट यूट्यूबवरून वाजवू नका. गर्दीत नेट बसतं आणि युद्धाच्या गाण्याआधी साबणाची जाहिरात लागते. रीतसर विकत घेतलेल्या फाइली 01, 02 असे आकडे देऊन पेनड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्ह एफएटी-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, बरेच मिक्सर दुसरा वाचत नाहीत. एक जादा पेनड्राइव्ह निवेदकाच्या खिशात. जुन्या मुद्रणांचा आवाज बारीक आणि नव्यांचा मोठा असतो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइलींना ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ (सगळ्यांचा आवाज सारखा करणारी सोय) उणे 16 एलयूएफएसवर लावून घ्या, म्हणजे ‘आप जैसा कोई’ सुरू होताच म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवायची वेळ येत नाही. कॉर्डलेस माइकचे सेल त्या दिवशी नवे घाला आणि वायरचे दोन माइक तयार ठेवा.

परवानगीचं आधीच बघा. हौशी कलाकारांनी तिकीट न लावता प्रेक्षकांसमोर गाणं सादर केलं, तर कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं तर परवाने लागतात: ध्वनिमुद्रण वाजवायला एक, गीत आणि संगीतासाठी दुसरा. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद. काही ठरावीक दिवशी 12 पर्यंत सवलत मिळते, ती कोणत्या दिवशी हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आदेशात पाहून घ्या.

कार्यक्रम सव्वाआठला सुरू करा. सत्कार पहिल्या पाच गाण्यांनंतर उरकून टाका, शेवटी ठेवले की पाहुणे भाषण करतात. ‘झिंगाट’ अगदी शेवटी, पावणेदहाच्या आत. त्यानंतर कुणी खुर्चीवर बसत नाही, आणि त्यापुढे निवेदन ठेवलं तर ते वाया जातं. खुर्च्यांच्या पहिल्या दोन रांगा आणि मंच यांत पंधरा फूट जागा मोकळी सोडा, नाहीतर पोरं स्पीकरच्या वायरींवर नाचतात.